साठा आणि पुरवठा

दसरा झाला की माझा बारावीचा अर्थशास्त्राचा वर्ग अर्धा होतो. सोयाबीन काढून ढिगाला लागलेलं असतं, मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो आणि आभाळाचा भरवसा नसतो. अशा दिवसांत पोरं कॉलेजला कशी येतील? मी हजेरी घेते, खाडे मांडते आणि फळ्याकडं वळते. नेमका त्याच सुमाराला पुस्तकातला पुरवठ्याचा धडा येतो.

२०११ सालच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आठ-दहा दिवस शेतात राबून परत आलेला एक मुलगा मागच्या बाकावर बसला होता. साठा आणि पुरवठा यांतला फरक मी नुकताच सांगितला होता. विक्रेत्याजवळ जेवढा माल आहे तो साठा. त्यातला जेवढा तो ठरावीक वेळी, ठरावीक किमतीला विकायला काढतो तो पुरवठा. उदाहरण विचारलं तर हाच उठला. ‘‘मॅडम, घरात पन्नास कट्टे हाईत, ते साठा. त्यातले वीस मोंढ्यात नेले, ते पुरवठा.’’ (मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, धान्याच्या बाजारपेठेला आम्ही मोंढा म्हणतो.) इतकं चोख उत्तर मला गाइडात सापडलं नसतं. मी खूश झाले आणि पुढं पुरवठ्याचा नियम सांगितला: किंमत वाढली की पुरवठा वाढतो, किंमत उतरली की कमी होतो.

तो बसलाच नव्हता. म्हणाला, ‘‘पण आमचं उलटं झालं की. भाव पडला तवाच आम्ही जास्त इकलं. हरभऱ्याचं बी घ्यायचं होतं, आडत्याची उचल फेडायची होती. भाव कमी मनून कट्टे जास्त न्यावं लागले.’’

वर्ग माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, ‘‘नियमात ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असं लिहिलंय ना, ते वाच.’’ तो बसला. परीक्षेच्या दृष्टीनं माझं उत्तर बरोबर होतं. पण त्याच्या घरची परिस्थिती मी एका वाक्यात ‘इतर’ करून टाकली होती, आणि हे त्यालाही कळलं होतं, मलाही.

माझं एम.ए. नोकरी करत करत, बाहेरून झालेलं. समोर बसून शंका विचारावी असा गुरू मला कधी मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात एका कार्यशाळेत विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातल्या एका सरांचं व्याख्यान ऐकलं होतं. त्यांनी फळ्यावर खडूनं आकृती काढून, मराठीत, शांतपणे शिकवलं होतं, एवढंच लक्षात राहिलं होतं. त्या रात्री मी त्यांना पत्र लिहिलं. मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवला आणि खाली विचारलं, याला काय सांगू?

पंधरा दिवसांनी चार पानी उत्तर आलं.

सरांनी लिहिलं होतं की या नियमाला थांबू शकणारा विक्रेता लागतो. ज्याच्याकडं गोदाम आहे, घरखर्चाला दुसरा पैसा आहे आणि व्याज चढत नाही, तो भाव पडला की माल ठेवतो. ज्याला ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम हवी आहे, त्याचं गणित वेगळं. त्यांनी ते मांडूनच दिलं होतं. गरज वीस हजारांची. भाव क्विंटलला दोन हजार असेल तर दहा क्विंटल विकून भागतं. तोच सोळाशेवर आला तर साडेबारा क्विंटल विकावे लागतात. नडीपोटी झालेल्या या विक्रीचा वक्र उलटा झुकतो. पुढं आडत्याबद्दल, म्हणजे अडत (दलाली) घेऊन शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्याबद्दल, होतं. जो पेरणीला उचल देतो, त्याच्याच दुकानात माल घालावा लागतो. तिथं कर्जाचा बाजार आणि धान्याचा बाजार एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळं पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, दिसणाऱ्या भावात किती व्याज मुरलं आहे हे वरून कळत नाही. अर्थशास्त्रात यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे, तेव्हा तुमचा विद्यार्थी चुकलेला नाही, त्याला तसं सांगा.

मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन करत बसत नाही.

पत्राचं चौथं पान मात्र मला अजून महत्त्वाचं वाटतं. त्यावर सात प्रश्न होते. घरी जमीन किती, सोयाबीन किती झालं, कोणत्या महिन्यात किती विकलं, उचल कुणाची होती, घरात पगार येतो का, असे. आणि खाली एक ओळ: ‘‘ही माहिती माझ्याकडं नाही, तुमच्या वर्गाकडं आहे. मुलांनी गोळा करून पाठवली तर मला शिकायला मिळेल.’’ त्या दिवसापर्यंत माझी समजूत अशी होती की विद्यापीठ वर आणि आमची शाळा-कॉलेजं खाली, ज्ञान वरून खाली यायचं. इथं विद्यापीठच आमच्या पोरांना प्रश्न विचारत होतं.

मुलांनी महिनाभर घरोघर फिरून ते सात प्रश्न भरून आणले. ज्यांच्या घरी मास्तरकीचा किंवा एस.टी.चा पगार होता, त्यांचा माल संक्रांतीपर्यंत घरात होता. दोन-तीन एकरवाल्यांचा दिवाळीआधीच मोंढ्यात गेला होता. एका गावात एकाच पावसावर आलेलं तेच पीक, आणि विकण्याच्या तारखा अशा वेगळ्या. एका मुलीनं तक्त्याखाली लिहिलं, ‘गरिबाचा साठा आणि पुरवठा एकच असतो.’ मी तो कागद जपून ठेवला आहे.

मग सर स्वतः आले. पहाटेच्या एस.टी.नं, खांद्याला पिशवी लावून. आम्ही मुलांना घेऊन मोंढ्यात गेलो. लातूर जिल्ह्यातल्या पोराला मोंढा काही नवा नाही. पण त्या दिवशी सरांनी त्यांना पट्टी वाचायला शिकवलं. एका शेतकऱ्यानं आपली पट्टी दिली आणि आम्ही सगळे तिच्याभोवती उकिडवे बसलो. वजन, भाव, एकूण रक्कम. मग वजा हमाली, वजा तोलाई, वजा अडत. तेव्हा ती शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जाई. मग वजा उचल. आणि तळाला हातात आलेले रुपये. सर म्हणाले, ‘‘सगळ्यात वरचा आकडा आणि सगळ्यात खालचा आकडा, या दोन आकड्यांच्या मधे जे आहे ते अर्थशास्त्र.’’

नंतर त्यांनी मूठभर सोयाबीन हातात घेतलं. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की अठरा किलोच्या आसपास तेल निघतं, उरते ती बहुतेक पेंड. पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते, परदेशी जाते. खाद्यतेल तर आपला देश निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे आपल्या मोंढ्यातला भाव मलेशियाच्या पामतेलावर आणि अर्जेंटिनाच्या पिकावरही हलतो. बारावीच्या पुस्तकात विदेशी व्यापार हा अगदी शेवटचा धडा आहे, बहुतेक ठिकाणी जानेवारीत घाईघाईनं उरकतात. मी मात्र तो पुरवठ्याला जोडूनच शिकवते.

पुढच्या वर्षांनी ते किती खरं ठरवलं! २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं. त्याच महिन्यात केंद्रानं बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवा माल निघेपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं, तरी हंगामात हमीभाव ४८९२ रुपये आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजार, अशीच स्थिती राहिली. दोन्ही वेळा मुलांनी विचारलं, आणि सरांनी ती वाट दाखवली होती म्हणूनच मी उत्तर देऊ शकले.

सरांच्या त्या पहिल्या पत्रात बाबासाहेबांच्या १९१८ सालच्या एका निबंधाचाही उल्लेख होता. विषय, भारतातल्या लहान जमीनधारणा. नुसत्या एकरांवरून जमीन लहान की मोठी हे ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती माणसं आहेत यावर ते ठरतं, आणि शेतीवर साठलेली जास्तीची माणसं उद्योगांकडं वळल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मी तो आमच्या दोन-तीन एकरवाल्या पोरांपुढं मांडला तेव्हा वर्गात कमालीची शांतता होती. १४ जानेवारीला आमच्याकडं नामविस्तार दिन होतो. १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, त्यासाठी केवढा लढा झाला हे घराघरात माहीत आहे. पण ज्यांचं नाव दिलं त्यांना १९२३ साली लंडन विद्यापीठानं डी.एस्सी. दिली ती रुपयावरच्या प्रबंधासाठी, हे आमच्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि रुपयाच्या प्रश्नाचं उदाहरण तर इथं घराघरात होतं! माझी आजी ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये बोलायची. निजामाचा तो हाली, इंग्रजाचा तो कलदार, आणि सात हालीला सहा कलदार. विनिमय दर म्हणजे काय, हे अक्षरओळख नसलेली ती बाई लग्नाच्या याद्या सांगता सांगता समजावून द्यायची. शाळेत मला तोच विनिमय दर डॉलर-पाउंडवर शिकवला गेला आणि डोक्यावरून गेला.

भाषेचा मुद्दाही इथंच सांगते. १९५८ साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ निघालं, त्याआधी आमचा भाग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडं बघायचा. ते १९१८ साली निघालं आणि उर्दूतून शिकवायचं. ती उर्दू मराठी मुलांवर लादलेली होती आणि तिचा जाच आमच्या आधीच्या पिढीनं सोसला, हे खरं. पण एक गोष्ट त्या विद्यापीठाकडून घेण्यासारखी आहे. ज्या भाषेत शिकवायचं तिच्यात पुस्तकं हवीत म्हणून त्यांनी स्वतंत्र भाषांतर विभागच काढला. मराठीतही असे प्रयत्न झाले. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आमच्या ग्रंथालयाच्या तळाच्या फळीवर आहेत, आणि अजून त्यांच्याइतकं नीट मला काही सापडत नाही. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनांत गावोगावचे प्राध्यापक मराठीत निबंध वाचतात, परिषदेचं ‘अर्थसंवाद’ निघतं. हे सगळं महाविद्यालयांपर्यंत येतं आणि तिथं थांबतं. अकरावी-बारावीच्या शिक्षकाच्या टेबलावर ते क्वचित दिसतं, नववीला भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकाच्या तर नाहीच.

नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राची ओळख करून देणारा एक धडा आहे, पाठोपाठ व्यापाराचा. दहावीत अर्थव्यवस्था येते ती ब्राझील आणि भारताच्या तुलनेत. ज्या मुलाला पुढं अर्थशास्त्र घ्यायचं नाही, त्याला आयुष्यात मिळणारं शिकवलेलं अर्थशास्त्र बहुतेक एवढंच. आणि शिकवणारा शिक्षक भूगोलाचा, नाहीतर इतिहासाचा. त्याचा दोष नाही. पण त्याला हात कुणी द्यायचा? शाळा शिक्षण मंडळाकडं, महाविद्यालय विद्यापीठाकडं. आमचं कनिष्ठ महाविद्यालय तर वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतं. एकच जिना, एकच नळ. पण उजळणी वर्ग असतात ते वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना, माझ्या वाट्याला पेपर तपासण्याची पत्रं येतात.

विद्यापीठाची माणसं शाळा-कॉलेजांत येतच नाहीत असं नाही. मी एका कार्यक्रमाला मुलींना घेऊन गेले होते. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, सगळ्यांचे परिचय, यात पाऊण तास गेला. मग पडद्यावर इंग्रजी आकृत्या. शेवटी माझी एक मुलगी धीर करून उठली, तिला बचत गटाच्या व्याजाबद्दल विचारायचं होतं, तर वेळ संपल्याचं सांगून आभारप्रदर्शन सुरू झालं. परतीच्या जीपमध्ये ती काही बोलली नाही. मला त्या दिवसाचा राग अजून आहे. व्याख्यान वाईट नव्हतं. पण पोरीचा प्रश्न ऐकायला दोन मिनिटं नसतील तर शंभर किलोमीटरवरून यायचं कशाला?

विज्ञानाच्या बाबतीत आपल्याच देशात हे वेगळ्या रीतीनं झालं आहे. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करायचे, पुस्तकं लिहायचे, पुन्हा बदलायचे. पुढं तो जिल्हाभर पसरला आणि २००२ पर्यंत चालला. त्यातूनच उभ्या राहिलेल्या एकलव्य संस्थेनं सामाजिक शास्त्रांची पुस्तकंही अशाच पद्धतीनं केली. अमेरिकेत तर १९४९ पासून खास अर्थशिक्षणासाठी एक राष्ट्रीय परिषद आहे, आणि तिच्याशी जोडलेली केंद्रं विद्यापीठांमध्ये आहेत. त्यांचं मुख्य काम शाळेतल्या शिक्षकाला अर्थशास्त्र शिकवणं. तिथला शिक्षक अडला तर कुणाकडं जायचं हे त्याला ठाऊक असतं. मला नुसता पत्ता हवा होता, आणि तो एका कार्यशाळेत योगायोगानं मिळाला.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. अकरावीच्या पहिल्याच धड्यात उपयोगिता मूल्य आणि विनिमय मूल्य येतं. पाणी जिवाला लागतं पण स्वस्त, हिरा कशाला लागत नाही पण महाग. लातूरच्या पोरांपुढं हे वाक्य वाचायची त्या साली मला हिंमत झाली नाही. मी सरांना फोन केला. त्यांनी एम.ए.ची सहा मुलं पाठवली. माझ्या वर्गातली पोरं आणि ती, जोड्या करून घरोघर गेली. टँकरला किती, बाराशे लिटरला किती, घागरीला किती, आणि नळाची पट्टी वर्षाला किती. सीमांत उपयोगिता म्हणजे काय, आणखी एका घागरीचं मोल किती, हे माझ्या पोरांना त्या सहा जणांनी मोकळ्या टाक्यांवर बसून सांगितलं. त्यांतला एक मला म्हणाला, ‘‘मॅडम, एम.ए.ला आलो तरी हे मला आज कळलं.’’

सर २०१८ ला निवृत्त झाले. पुढची दोन-तीन वर्षं फोन होते, मग तब्येतीमुळं तेही कमी झाले. त्यांच्या जागी आमच्याशी बोलायला कुणी नेमलेलं नव्हतं, कारण सर जे करत होते ते कुणाच्या कामात लिहिलेलंच नव्हतं. मला याचंच फार वाईट वाटतं. सात वर्षांची ती वाट एका माणसाच्या मायेवर चालली होती. आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाला गुण आहेत. आमच्या बारावीलाही अर्थशास्त्रात वीस गुण प्रकल्प आणि तोंडीला आहेत, आणि ते प्रकल्प मुलं दुकानातून तयार आणून नाव घालतात. दोन्हीकडचे गुण असे पडून आहेत. विद्यापीठानं एका जिल्ह्यासाठी एक माणूस नेमावा, त्याच्याकडं शिक्षकांचे प्रश्न जावेत, आणि त्यानं एम.ए.च्या मुलांना आमच्या पोरांबरोबर मोंढ्यात, उसाच्या फडावर, बँकेच्या रांगेत उभं करावं. यासाठी इमारत लागत नाही. मी हे तीन वेळा लेखी कळवलं आहे, चौथ्यांदाही कळवणार आहे.

दरम्यान मी वर्गात एक वही ठेवली आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही तो प्रश्न त्या वहीत जातो, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. हल्ली ती पानं मी विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मुलीला व्हॉट्सअॅपवर पाठवते. त्या एम.ए.च्या सहा जणांतली ती एक. तिला तासाचे पैसे मिळतात, माझ्या प्रश्नांचे नाहीत, तरी ती रात्री उत्तर देते.

यंदा राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा चालू होता. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याला, हिशेबही कोयत्याला. तिनं वहीत लिहिलं: ‘एका कोयत्यात माय आणि बाबा दोघं असतात. राष्ट्रीय उत्पन्नात मजुरी धरतात तेव्हा मायची किती धरतात? आणि ती पहाटे तीनला उठून भाकरी करते ती कशात धरतात?’

भाकरीचं मला सांगता आलं. घरकामाचा पैसा होत नाही म्हणून ते मोजत नाहीत, असं पुस्तकातही आहे. कोयत्याचं सांगता आलं नाही. मी पानाचा फोटो पाठवला. रात्री विद्यापीठातून उत्तर आलं, ‘‘मॅडम, आधी एका कोयत्याचा हिशेब बघावा लागेल. पट्टी मिळेल का?’’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलीनं माझ्याच फोनवरून फडावर आईला फोन लावला. बराच वेळ ती नुसती ‘हं, हं’ करत होती. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, ‘‘मॅडम, माय मनती पट्टी मुकादमाजवळ आसती. आन् तिच्यावर नाव बाबाचं हाय.’’